जागल्याची झोप

सातविणीच्या कोंडावर 'जागल्या' बसवायचं ठरलं तेव्हा पहिली शंका सरपंच सदाशिव उतेकरांनी काढली.

"नाव जागल्या आणि दिवसभर झोपून राहणार? असला जागल्या आमच्या आजोबांनी गावात ठेवून घेतला नसता."

डॉ. फरीदा मुकादम यांना हा प्रश्न प्रत्येक गावात ऐकावा लागे. त्या महाडच्या. दरडींचा अभ्यास करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. कोंडाची बासष्ट घरं पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कातळटेप या डोंगराच्या उतारावर होती. टेप खचू शकतो असा अहवाल होता, घरं हलवा अशी नोटीस होती, आणि नोटिशीला दहा वर्षं होऊन गेली होती. कोणी हललं नव्हतं. निदान राखण तरी व्हावी म्हणून हे यंत्र आलं होतं.

वहाळापलीकडच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून फरीदाताईंनी ते समजावून सांगितलं. उतारात आठ ठिकाणी आठ नळ्या पुरायच्या, प्रत्येक नळीत एक छोटा संगणक. जमीन किती कलली, आतल्या पाण्याचा दाब किती, खडकातून करकर ऐकू येते का, एवढंच तो मोजणार. पण तिथे वीज नेता येत नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने झाडीखाली ऊनही पोचत नाही. एका बॅटरीवर सात वर्षं काढायची. संगणक सतत जागा ठेवला तर तीच बॅटरी नऊ दिवसांत संपते. म्हणून त्याला झोपवतात. झोपेत फक्त तांदळाच्या दाण्याएवढं एक घड्याळ चालू राहतं. ठरलेल्या क्षणी ते घड्याळ संगणकाला उठवतं. तो अकरा सेकंद जागा राहतो, मोजमाप करतो, आकडे महाडच्या केंद्राला पाठवतो, पुढचा गजर लावतो आणि परत झोपतो.

"जुनी यंत्रं पण अशीच होती," फरीदाताई म्हणाल्या. "दर तासाला उठायची. डोंगर मात्र सहा महिने काही करत नाही आणि मग सगळं चाळीस मिनिटांत उरकतो. म्हणून याला एक गोष्ट जास्त शिकवलीय. पुढचा गजर कधीचा, ते हा स्वतः ठरवतो. झोपण्याआधी तो अंदाज बांधतो, की पुढच्या वेळी उठेन तेव्हा अमुक इतके आकडे दिसतील. तसेच दिसले तर चोवीस तासांची झोप. अंदाज चुकला तर झोप कमी. जितका चुकेल तितकी कमी, अगदी दोन मिनिटांपर्यंत."

"आणि आपल्याला मधेच उठवायचं झालं तर?" मागून एका बाईने विचारलं.

ती करुणा उतेकर, सदाशिवरावांच्या चुलतभावाची बायको. नवरा एसटीत चालक होता, तो वारल्यावर तिने पोलादपूरच्या स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. फरीदाताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बाहेरून दार ठोठावता येतं," त्या म्हणाल्या. "नळीत एक कान असतो. टॅबवरून खूण पाठवली की तो ऐकतो आणि संगणकाला उठवतो. पण ते दुरुस्तीपुरतं."

महिन्याभरात कोंडाच्या जागल्याची देखरेख करुणाकडे आली. टॅब तिच्या हातात आला. आठवड्यातून एकदा टेपावर चढून नळ्यांची झाकणं पाहायची, वाळवी आणि पालापाचोळा काढायचा, काही बिघडलं तर केंद्राला कळवायचं, एवढं काम.

टॅबवर एक आकडा दिसे: आठ नळ्यांपैकी सर्वांत कमी झोपणारी नळी पुढे किती तास झोपणार आहे. तो खरं तर बॅटरीचा हिशेब ठेवण्यासाठी होता. पण करुणाचा मुलगा निनाद सुट्टीवर आला असताना त्याने तो पाहिला आणि एसटीच्या थांब्यावर एक दिव्यांची पाटी लावून दिली. 'आजची झोप: २४ तास.'

ही पाटी म्हणजे गावाची नाडी झाली. माणसं बसमधून उतरली की आधी वर बघायची. "आज किती?" असं विचारलं की काय विचारलं ते लहान पोरालाही कळे. फरीदाताईंना ते आवडलं नव्हतं. "हा आकडा म्हणजे धोका नव्हे," त्यांनी करुणाला बजावलं. "यंत्र किती बुचकळ्यात पडलंय, एवढंच तो सांगतो." पण दोन पावसाळे पाटीवर चोवीस, बावीस, चोवीस असे आकडे राहिले आणि हा फरक कोणाच्या लक्षात राहिला नाही. आकडा मोठा म्हणजे टेप शांत. मुंबई-पुण्याला गेलेली नऊ कुटुंबं परत आली. बंद पडायला आलेल्या शाळेचा पट सोळावर गेला.

परत आलेल्यांत निनाद होता. चाकणची नोकरी सोडून त्याने घरामागे फणसाचे गरे सुकवण्याची शेड टाकली. त्याची बायको हर्षदा हडपसरची. डोंगराखाली राहायला ती सहज तयार झाली नव्हती. येण्याआधी महिनाभर ती रोज फोनवर आकडा विचारत होती. आली ती चार वर्षांच्या ईराला घेऊन, आणि येताना सासूला स्पष्ट म्हणाली, "आई, तुमच्या यंत्रावर भरवसा ठेवून येतेय."

तिसऱ्या पावसाळ्यात, आषाढ सरता सरता, आकडा उतरायला लागला. एकोणीस. चौदा. नऊ. करुणा टॅबवर आतले आकडे पाही. जमीन कललेली नव्हती. खडकातून आवाज नव्हता. पाण्याचा दाब तर मागच्या वर्षीपेक्षा कमी होता. कुठेही लाल खूण नव्हती, आणि तरी जागल्या लवकर लवकर उठत होता.

आकडा सहावर आला तेव्हा दोन कुटुंबांनी सामान बांधलं. पाचवर आला तेव्हा आणखी एक गेलं. शाळेच्या मास्तरांनी सदाशिवरावांना पट दाखवला. सदाशिवराव करुणाच्या ओटीवर येऊन बसले.

"करुणा, एकदा नळ्या नीट बघून ये. खेकड्याने वायर कुरतडली असेल. डोंगराला काही झालेलं नाही, मी काल टेपावर जाऊन आलो."

"मी पण जाऊन आले, भाऊजी. वायर ठीक आहे."

"मग यंत्र बिघडलंय. बिघडलेल्या यंत्रापायी गाव मोडू द्यायचं का?"

ते गेल्यावर हर्षदा बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "आई, चाराच्या खाली गेला तर मी ईराला घेऊन पुण्याला जाईन," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "निनादला राहायचं तर राहू दे. मी भांडत नाही, पण मी जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा चार होता. हर्षदाने कपाटावरच्या दोन मोठ्या पिशव्या खाली काढल्या. ईरा त्या पिशव्यांत शिरून खेळत होती.

करुणा टॅब घेऊन मागच्या परसात गेली. दुरुस्तीच्या वेळी जागल्याचं डोकं बाजूला ठेवून त्याला ठराविक वेळीच उठवण्याची सोय होती. ती वापरली की तो अंदाज बांधायचा थांबे आणि सांगितलेल्या तासांनी उठून नुसतं मोजमाप करून झोपे. असं पंधरा दिवसांपर्यंत ठेवायची परवानगी होती. फक्त कारण लिहावं लागे. करुणाने लिहिलं, 'चौथ्या नळीची वायर खेकड्याने कुरतडली.' तासांच्या चौकटीत बारा भरले. निनादची पाटी तोच आकडा उचलत होती. तासाभरात थांब्यावर बारा दिसले.

गावाचा जीव भांड्यात पडला. सदाशिवरावांनी येता-जाता चौघांना सांगितलं, की मी म्हणत नव्हतो का, खेकडाच होता. हर्षदाने पिशव्या परत कपाटावर टाकल्या आणि संध्याकाळी घावन केले.

करुणाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. आपण जागल्याला झोपवलं आहे तर त्याच्या वाटणीचं जागणं आपण करावं, असं तिने मनाशी ठरवलं. फोनवर दर तीन तासांचे गजर लावले. गजर झाला की परसात जायचं, टॅबवरून खूण पाठवायची, आठही नळ्यांना उठवायचं, आकडे वाचायचे. कल नाही, आवाज नाही, दाब कमी. ठीक. रात्री उशाखाली फोन ठेवून ती गजर होण्याआधीच उठू लागली. पाच दिवसांत तिचे डोळे खोल गेले. सातव्या दिवशी भाकरी तव्यावर करपली आणि ती तव्याकडे बघत उभी होती. निनादने डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. तिने ते उडवून लावलं. आकडे रोज चांगले येत होते. ते तिने एका वहीत मांडून ठेवले होते आणि वही पाहिली की तिला बरं वाटे.

अकराव्या दिवशी रविवार होता. पाऊस आठवडाभर धो धो पडून सकाळी उघडला होता. साडेबाराच्या सुमारास हर्षदा सुकवणीच्या शेडमध्ये गेली तर सासू गऱ्यांच्या चाळण्यांना टेकून बसल्या बसल्या झोपलेली, आणि मांडीवरचा फोन कधीपासून वाजत होता. हर्षदाने खांद्याला हात लावताच करुणा दचकून उठली. समोर कोण आहे हेही न बघता तिने टॅब उचलला आणि परसात धावली. हर्षदा तिच्या मागे गेली. तिने सासूला आठ नळ्या एकेक करून उठवताना पाहिलं.

"आई, तो आपोआप उठतो ना? मग तुम्ही का उठवताय?"

करुणा टॅबवरचे आकडे वाचत राहिली.

"पाटीवर बारा आहे. बारा तासांनी उठणार म्हणजे सगळं ठीक आहे. मग तुम्ही अकरा दिवस का झोपला नाहीत?"

"बारा मी भरलेत," करुणा म्हणाली. मग एकदा तोंड उघडल्यावर तिने सगळं सांगितलं, अगदी पिशव्यांसकट.

ऐकून झाल्यावर हर्षदाने विचारलं, "मग खरा आकडा किती?"

"माहीत नाही. मी डोकं बाजूला ठेवल्यापासून तो काढतच नाही."

"मग चालू करा."

करुणाने दुरुस्तीची खूण काढली. जागल्याने अकरा दिवसांची मोजमापं पुढ्यात घेतली, आपल्या जुन्या अंदाजाशी ताडून पाहिली. पहिली नळी: तीन तास. दुसरी: दीड तास. तिसरी: वीस मिनिटं. चौथी: दोन मिनिटं. दोघी टॅबकडे बघत उभ्या राहिल्या. दोन मिनिटांनी चौथी नळी उठली, तिने मोजलं, आणि पुन्हा दोन मिनिटांचा गजर लावून झोपली.

करुणाने फरीदाताईंना फोन लावला. काय केलं ते तीन वाक्यांत सांगितलं. पलीकडून बोलणं आलं ते कामाचंच.

"चौथ्या नळीत पाण्याचा दाब किती?"

"कमी आहे, मॅडम. गेल्या वर्षीपेक्षा कमी. मी रोज लिहून ठेवलाय. सगळं चांगलं होतं."

"आणि पाऊस?"

"आठवडाभर थांबला नव्हता."

"मग ते पाणी गेलं कुठे, करुणाताई?"

करुणाने टॅबवर चौथ्या नळीचा आकडा परत पाहिला.

"डोंगरात पाणी मुरलं की दाब चढायलाच हवा. एवढ्या पावसात चढत नाही म्हणजे आत फट पडलीय आणि पाणी तिच्यातून थेट खाली चाललंय, ज्या थरावर टेप बसलाय त्या थराखाली. म्हणून तो बुचकळ्यात पडला होता. घरं रिकामी करा. जेवणं अर्धी राहिली तरी चालतील. मी तहसीलला कळवते."

ईराला कडेवर घेऊन हर्षदा खालच्या आळीकडे निघाली, दारोदार सांगत. निनाद वरच्या आळीत धावला. करुणा ग्रामपंचायतीच्या खोलीत शिरली आणि भोंग्याचा माइक चालू केला. सगळ्यांनी वहाळ ओलांडून शाळेत यावं, टेप खचतोय, असं तिने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणार तोच दारात सदाशिवराव आले. जेवणावरून उठून आले होते, उजवा हात खरकटा होता.

"वेड लागलंय का तुला? ऊन पडलंय. पाटीवर बारा आहे."

"पाटी बघू नका, भाऊजी, ती तासाने बदलते. खरा आकडा दोन मिनिटं आहे."

"कालपर्यंत बारा होता ना?"

"तो बारा मी लिहिला होता. हर्षदा जाऊ नये म्हणून. यंत्र बिघडलं नव्हतं, खेकडा नव्हता. अकरा दिवस मी तुम्हाला खोटा आकडा दाखवला."

माइक चालूच होता. तिचा आवाज बासष्ट घरांवरून टेपावर आदळून परत आला. सदाशिवराव वळले आणि घराकडे चालू लागले, म्हाताऱ्या आईला आणायला.

भोंग्यावरच्या इशाऱ्याने गाव हललं असतं की नाही, कोण जाणे. त्या कबुलीने हललं. दोन वाजेपर्यंत बहुतेक लोक शाळेत पोचले. काहींनी कागदपत्रं आणली, काहींनी कुकर आणला. संध्याकाळी परतायचंच आहे अशा समजुतीने कित्येकांनी दाराला नुसती कडी घातली होती. उरलेले आल्यावर मास्तरांनी हजेरीसारखी घरवार नावं घेतली. दोनशे अकरा. सगळे होते.

चार वाजून वीस मिनिटांनी आधी आवाज आला, खडीचा ट्रक रिकामा करावा तसा, पण न थांबणारा. मग टेपावरची झाडं उभ्याची उभी खाली चालू लागली. करुणाला ते बघताना काहीच वाटलं नाही. वाटायला लागलं ते नंतर, धूळ बसल्यावर आणि वरची आळी कुठे होती ते बोटाने दाखवता येईना तेव्हा. अकरा घरं गेली. त्यांत तिचं होतं, निनादची शेड होती, सदाशिवरावांचं घर आणि गोठा होता. गोठ्यात दोन म्हशी दाव्याला बांधलेल्या होत्या.

पंधरा दिवसांनी फरीदाताई पत्र्याच्या निवाऱ्यात तिला भेटायला आल्या. कोंडावर आता कोणालाच राहू देणार नव्हते. पोलादपूरजवळच्या सपाटीवर जागा मिळणार होती. करुणाला कामावरून काढल्याचं पत्र त्यांनी स्वतः आणलं होतं.

"माझीही चूक आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे अशी एकशे चाळीस गावं आहेत, पण खेकड्याची गोष्ट वाचून मी एक फोन करायला हवा होता." मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "तुम्ही त्याला एकोणऐंशी वेळा उठवलंत. वेळा नोंदल्या गेल्यात."

"मला वाटलं होतं, मी जागी आहे तोवर काही होणार नाही."

"तुम्ही जाग्या होतात. पण काय दिसायला हवं होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून जे दिसत नव्हतं ते तुम्हाला कळलं नाही. ते त्याला कळत होतं."

करुणाने कागद घेतला नाही.

निनादने चाकणला परत नोकरी धरली. आईशी तो कामापुरतं बोले. निघायच्या दिवशी हर्षदाच्या पिशव्या करुणानेच भरल्या. ईराच्या फ्रॉकांच्या घड्या पुन्हा पुन्हा मोडून घातल्या. हर्षदा शेजारी बसून बघत होती.

"तुम्ही चला आमच्याबरोबर," ती म्हणाली. "मी मनापासून म्हणतेय."

"इथे ग्रामसभा आहे परवा. मी नसले तर बरं दिसणार नाही."

"त्या दिवशी परसात मला काहीही सांगून गप्प बसवता आलं असतं तुम्हाला."

"तेवढं तरी केलं नाही," करुणा म्हणाली. हर्षदाने तिच्या हातातला फ्रॉक घेतला आणि पिशवीत ठेवला.

ग्रामसभा निवाऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरली. नव्या जागेच्या पाठीशी टेकडी होती, लहानशी, पण होती. तिथे जागल्या बसवायचा का, पाटी लावायची का, यावर तासभर बोलणं झालं. पाटी नको असं पुष्कळांचं म्हणणं पडलं. शेवटी करुणा उठली. माइकवर एकदा बोलली होती, पण माणसांकडे बघून बोलायचं राहिलं होतं. अकरा दिवस तिने काय केलं ते तिने पहिल्यापासून सांगितलं. लोक खाली बघून ऐकत होते. तिचं बोलून झालं आणि सभा हळूहळू पांगली.

सदाशिवराव बाकावरून उठले नव्हते. करुणा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, आकडा चार आहे, टेपाचं काही खरं नाही, असं मी तेव्हाच तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गाव हलवलं असतं?"

समोर चिखलात कोणाची तरी चप्पल रुतली होती, तिच्याकडे सदाशिवराव बघत होते.

"नसतं हलवलं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू." मग म्हणाले, "पण म्हशी सोडून ठेवल्या असत्या."

ते बाकावर एका कडेला सरकले आणि करुणा त्यांच्या शेजारी बसली.